उन्हाची वीज आणि बॅटरीची राखण

बीदरच्या बिदरी कामात दोन धातूंचा मेळ असतो. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात आणि त्याच्या अंगावर चांदीची तार वा पत्रा ठोकून नक्षी उठवतात. आलेस्सान्द्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली जगातील पहिली बॅटरी जाहीर केली, ती याच दोन धातूंची होती. चांदीच्या व जस्ताच्या चकत्या एकीवर एक रचून त्यांच्यामध्ये त्याने मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते. बीदरच्या कारागिरांच्या हाती चांदी आणि जस्त ही जोडी त्याआधी कितीतरी पिढ्या नांदत होती. त्यांतून वीज काढण्याचे त्यांना सुचले नाही, आणि व्होल्टाला हुक्क्याचे भांडे घडविण्याचे सुचले नाही!

त्याच बीदर जिल्ह्यात आज बॅटरी शेताच्या आखाड्यावर जाऊन बसली आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या बाजूला वस्तीपासून दूरच्या शेतात पाहावे, तर एखाद्या खांबावर हातभर लांबीचे सौर-पॅनेल दिसते आणि त्याखाली पत्र्याच्या पेटीत एक बॅटरी असते. तिच्यावर कोठे आखाड्यावरचा दिवा जळतो, कोठे पिकाभोवतीच्या कुंपणाचे झटका मशीन चालते, कोठे पाठीवरचा फवारणी पंप. पॅनेल एकदा लावले की वीस-पंचवीस वर्षे ते ऊन-पाऊस सोसते. बॅटरीचे तसे नाही. नीट राखली तर ती चार-पाच वर्षे साथ देते, आणि हेळसांड झाली तर दुसरा पावसाळाही पाहत नाही. मग घरधनी म्हणतो की, सूर्याची वीज हे सारे थोतांड आहे. बिघाड सूर्यात नसतो आणि बहुधा पॅनेलातही नसतो. तो असतो पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधल्या तळहाताएवढ्या डबीत, किंवा ती डबीच नसण्यात. या डबीला बाजारात ‘चार्ज कंट्रोलर’ म्हणतात.

सूर्यप्रकाशापासून वीज करणारा सिलिकॉनचा घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिद्ध केला. त्याला पहिले काम मिळाले ते कोणत्या कारखान्यात नव्हे, तर खेड्यात. १९५५ च्या ऑक्टोबरात जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावानजीक टेलिफोनच्या खांबावर असे घट बसवून ग्रामीण टेलिफोन-मार्गाच्या बॅटऱ्या त्यांच्यावर भरण्याचा प्रयोग झाला. काही महिने तो चालला. वीज मिळाली, परंतु त्या काळच्या किमतीला ती परवडेना. आपल्या देशात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ साली पहिला सौर घट आणि १९७८ साली पहिले पॅनेल तयार केले. पुढे किंमत उतरत गेली आणि एके काळी उपग्रहांवर शोभणारी ही वस्तू तालुक्याच्या बाजारात दुकानाच्या फळीवर आली. तात्पर्य, लहान पॅनेलवर बॅटरी भरणे हा या विद्येचा उपयोग तिच्या जन्माइतकाच जुना आहे.

विजेचा दाब आणि विजेचा प्रवाह या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. बीदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील करेज आहे. जांभ्या दगडाच्या पठाराखालून खोदलेल्या त्या भुयारी पाटातून पाणी केवळ उताराच्या बळावर वाहते. उतार अधिक तर ओढ अधिक. ती ओढ म्हणजे दाब, आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. पाटातून दर क्षणाला किती पाणी गेले तो प्रवाह, आणि तो ॲम्पिअरमध्ये मोजतात. पॅनेलमधून बॅटरीत वीज जावयाची, तर पॅनेलची बाजू बॅटरीपेक्षा उंचावर असली पाहिजे. सखल बाजूकडून उंच बाजूकडे पाणी चढत नाही, तद्वत् वीजही जात नाही.

सिलिकॉनच्या एका घटाला उन्हात साधारण अर्धा व्होल्ट दाब येतो, मग घट लहान असो की मोठा. यास्तव ‘बारा व्होल्टचे’ म्हणून जे पॅनेल विकतात त्यात ३६ घट एकापुढे एक जोडलेले असतात. काहीही न जोडता उन्हात मोजले तर त्यावर २१ ते २२ व्होल्ट दिसतात, आणि काम करताना सुमारे साडेसतरा. बारा व्होल्टच्या बॅटरीला एवढा दाब कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर बीदर-कलबुर्गीच्या वैशाखात मिळते. पॅनेलची क्षमता २५ अंश तपमान गृहीत धरून छापलेली असते. मे महिन्यात सावलीतला पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा काळ्याभोर पॅनेलच्या अंगचे तपमान ६५ अंशांपर्यंत जाते. घट तापला की त्याचा दाब उतरतो. ३६ घटांच्या पॅनेलवर ही उतार अंशागणिक सुमारे ०.०७ व्होल्ट पडते. चाळीस अंशांच्या वाढीला पावणेतीन ते तीन व्होल्ट गेले. साडेसतरातून तेवढे वजा केले तर उरले साडेचौदा. तारेत आणि कंट्रोलरमध्ये आणखी अर्धा व्होल्ट खर्ची पडला, म्हणजे बॅटरीच्या दाराशी पोचले चौदा. उन्हाळ्यात बॅटरी पुरती भरण्यास नेमके एवढेच लागतात! जो जादा दाब चैन वाटत होता तो बेतास बात ठरतो. स्वस्त म्हणून ३६ पेक्षा कमी घटांचे पॅनेल कोणी गळ्यात मारले, तर हिवाळ्यात ते गोड वाटेल आणि ऐन उन्हाळ्यात, आकाशात ऊन मावत नसताना, बॅटरी अर्धपोटी राहील. विकत घेताना पॅनेलवरचे चौकोन मोजून पाहावेत. त्याला शिक्षण लागत नाही. मात्र हल्ली घट अर्धे कापून जोडण्याची पद्धतही आली आहे, तेथे चौकोनांवर न जाता मागल्या बाजूची चिठ्ठी वाचावी.

आता बॅटरीचे पोट. शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लाँते याने १८५९ साली शोधली, आणि मूळ रचना अद्याप तीच आहे. दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे मिळून बारा व्होल्ट होतात. बॅटरी भरून काही तास स्वस्थ पडली असता तिच्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात, १२.२ च्या सुमारास ती अर्धी असते, ११.९ ला ती रिकामीच समजावी. किती फरक आहे? भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीत एका व्होल्टचेही अंतर नाही! डोळ्यांनी किंवा दिव्याच्या तेजावरून हे कळणे शक्य नाही. भरताना मात्र तिला याहून अधिक दाब द्यावा लागतो. २५ अंश तपमानाला सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत नेले की ती पुरती भरते. नंतर तोच दाब तसाच चालू ठेवला तर येणारी वीज आत साठत नाही, ती बॅटरीतील पाण्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे पृथक्करण करीत राहते. पाणी उडते, पट्ट्या उघड्या पडतात, त्यांच्यावरील लेप झडतो. हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू असल्याने बंद खोलीत किंवा कपाटात भरणाऱ्या बॅटरीजवळ बिडी ओढणे अथवा चिमणी नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय. उलट बाजूला, बॅटरी वारंवार पुरती उपसली आणि तशीच ठेवली, तर पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे खडे धरतात. ते घट्ट झाले की पुन्हा विरघळत नाहीत, आणि चाळीस ॲम्पिअर-तासांची बॅटरी दहाची होऊन बसते.

तेव्हा एकीकडे अतिभोजन आणि दुसरीकडे उपवास, दोन्ही घातक. कंट्रोलरचे काम या दोहोंच्या मध्ये उभे राहण्याचे आहे. उसाला पाणी देताना एक गडी पाटावर दारे धरून उभा असतो. वाफा भरला की दारे फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतो. मोटार विहिरीवर सारखी चालूच असते. तिला वाफा भरल्याची खबर नसते. पॅनेलही तसेच आहे, ऊन आहे तोवर ते वीज देतच राहणार. दारे धरणारा गडी झोपला तर बांध फुटतो, आणि कंट्रोलर झोपला तर बॅटरी उकळते.

हे दारे धरण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. सर्वांत जुनी व साधी रीत अशी की, बॅटरी भरली की पॅनेलची दोन टोके एकमेकांस जोडून टाकावयाची. ऐकणाऱ्याला हे भयंकर वाटेल. परंतु पॅनेलचा प्रवाह उन्हाच्या मानानेच मर्यादित असल्याने त्याला त्यापासून अपाय होत नाही. बॅटरीची टोके मात्र अशी कधीही जोडू नयेत, तारा लाल होऊन आग लागते. दुसरी रीत म्हणजे मधे एक नियामक बसवून जादा दाब उष्णतेच्या रूपाने जाळून टाकणे. हिच्यात नासाडी फार. अठरा व्होल्टच्या पॅनेलवरून अशा नियामकामार्फत पाच व्होल्टचा मोबाइल एका ॲम्पिअरने भरला, तर मोबाइलात पाच वॅट जातात आणि नियामकात तेरा वॅट जळतात. हौशी मुले असे नियामक घरी जोडतात आणि तो हात भाजण्याइतका का तापतो म्हणून चकित होतात. त्याऐवजी क्षणात अनेकदा वीज तोडून-जोडून दाब उतरविणारे जे लहान फलक मिळतात ते वापरावेत. त्यांत बहुतेक वीज कामी लागते. बॅटरीसाठी आज सर्रास मिळणारा स्वस्त कंट्रोलर याच जातीचा आहे. बॅटरी भरत आली की तो सेकंदाला अनेक वेळा दार उघडून मिटतो, आणि भरती जाईल तसतसा उघड्या दाराचा अवधी कमी करीत नेतो. पूर्ण भरल्यावर तो दाब १३.६ च्या आसपास खाली आणून नुसती राखण करतो.

याहून महाग अशी एक जात आहे. ती पॅनेलला त्याच्या सोयीच्या साडेसतरा व्होल्टवर काम करू देते आणि शिलकी दाबाचे प्रवाहात रूपांतर करते. पन्नास वॅटचे पॅनेल साध्या कंट्रोलरने साडेबारा व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर जेमतेम ३६ वॅट पदरात पडतात. महाग जातीचा कंट्रोलर उरलेल्यांतील बराच भाग वाचवितो. परंतु वर पाहिल्याप्रमाणे बीदरच्या उन्हाळ्यात शिलकी दाबच मुळी उरत नाही, मग वाचवावयाचे काय? चाळीस-पन्नास वॅटच्या आखाड्यावरील पॅनेलला ही जात घेण्यापेक्षा तेवढ्या पैशांत थोडे मोठे पॅनेल घेणे शहाणपणाचे ठरते.

कंट्रोलरचे दुसरे काम लोकांना मुळीच आवडत नाही. बॅटरी फार उतरली की तो दिवा तोडतो. श्रावणात चार दिवस झड लागलेली असावी, घरात पाहुणे असावेत, मुलीची परीक्षा दुसऱ्या दिवशी असावी, आणि नेमका रात्री नऊ वाजता दिवा मालवावा. अशा वेळी घरातला एखादा चलाख तरुण कंट्रोलर बाजूला सारून दिव्याची तार थेट बॅटरीला जोडतो. दिवा लागतो, वाहवा होते. डबी खराब होती असा निकाल लागतो आणि ती तार तशीच राहते. पुढचे दोन-तीन महिने दिवा बिनतक्रार जळतो, कारण आता अडविणारा कोणी नाही. दिवाळीच्या सुमारास तो तासाभरातच मंद होऊ लागतो आणि मग बॅटरी मेली असे कळते. राखणदाराला चोर ठरवून हाकलण्याचा हा प्रकार गावोगाव घडतो. दिवा तुटला याचा अर्थ एवढाच की, खर्च जमेपेक्षा अधिक झाला आहे. उपाय खर्चाकडे पाहण्याचा आहे.

तो हिशेब अवघड नाही. या भागात चांगल्या दिवशी पॅनेलला पुऱ्या उन्हाचे पाच तास मिळतात असे धरावे. चाळीस वॅटचे पॅनेल सव्वादोन ॲम्पिअरच्या हिशेबाने दिवसाला अकरा ॲम्पिअर-तास देते. पाच वॅटचे दोन दिवे रोज पाच तास जाळले तर चार-सव्वाचार खर्ची पडतात, मोबाइलाला एक. चाळीस ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीवर तीन ढगाळ दिवस काढले तरी ती अर्ध्याच्या खाली जात नाही, आणि ऊन पडताच तीन-चार दिवसांत पुन्हा भरते. याच बॅटरीवर कोणी पंखा आणि दूरदर्शनसंच चढविला, तर गणित कोलमडते. त्यात कंट्रोलरचा दोष नाही.

झटका मशीनची कथा वेगळी आहे. बीदर जिल्ह्याच्या माळांवर काळविटांचे कळप आहेत, रानडुकरे तर सर्वत्र. सोयाबीन, मूग, तूर राखण्यासाठी तारेचे कुंपण करून त्यात सेकंदाला एक या बेताने क्षणमात्र टिकणारा झटका सोडतात. दाब काही हजार व्होल्टचा, पण काळ इतका अल्प की जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. येथे आवर्जून सांगितले पाहिजे की, घरच्या २३० व्होल्टच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्यापायी माणसांचे बळी गेले आहेत. झटका मशीन रात्री चालते, पॅनेल दिवसा बॅटरी भरते, असा क्रम तुरीची रास होईपर्यंत ठीक चालतो. नंतर शेत मोकळे होते, मशीन बंद होते. पॅनेल मात्र खांबावर तसेच राहते. मार्च ते मे अशी तीन महिने भरलेल्या बॅटरीत भर घालण्याचे काम चालते, आणि तेही सर्वांत कडक उन्हात. बॅटरी तापलेली असताना तिला कमी दाब पुरतो. २५ ऐवजी ४० अंश तपमान असेल तर १४.४ च्या जागी १४ व्होल्टवरच थांबले पाहिजे. चांगल्या कंट्रोलरला हे तपमान कळते. हलक्या डबीला कळत नाही. मृगाच्या तोंडावर पेटी उघडावी तो बॅटरी फुगलेली किंवा कोरडी ठणठणीत. ज्या शेतकऱ्याला कंट्रोलरची खात्री नाही, त्याने रास झाल्यावर पॅनेलची तार सोडवून बॅटरी घरी आणावी, सावलीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा भरून घ्यावी. पाण्याची बॅटरी असेल तर तिच्यात केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरच्या पाण्यातील क्षार पट्ट्या खातात, आणि वरून आम्ल ओतणे तर सर्वथा वर्ज्य.

फवारणी पंपात बहुधा बारा व्होल्ट, आठ ॲम्पिअर-तासांची बंद बॅटरी असते. तिच्यात पाणी घालण्याची सोयच नाही, म्हणून जास्त भरणे तिला अधिक बाधते. पाच वॅटचे इवलेसे पॅनेल काय करणार, असे म्हणून पुष्कळ लोक ते थेट जोडून ठेवतात. त्याचा प्रवाह पाव ॲम्पिअरहून किंचित अधिक, म्हणजे दिवसाला सुमारे दीड ॲम्पिअर-तास. पंप आठवडाभर पडून राहिला की बॅटरी भरली, आणि त्यानंतरचे प्रत्येक ऊन तिच्या जिवावर उठते. पॅनेलचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी असेल तरच नियामकावाचून चालू शकते. तरीही रात्री वीज उलट पॅनेलात जाऊ नये म्हणून मधे डायोड हवाच.

जोडणीतील काही गोष्टी क्षुल्लक दिसतात, पण त्यांवरच पुष्कळ अवलंबून असते. कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी हवा. त्या दोहोंत दहा मीटर अंतर ठेवून दीड चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर तीन ॲम्पिअरला जाऊन-येऊन पाऊण व्होल्ट तारेतच मुरतो. कंट्रोलरला आपल्या दाराशी १४.४ दिसतात म्हणून तो थांबतो, आणि बॅटरीला प्रत्यक्षात पावणेचौदाही मिळालेले नसतात. जोडताना आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. सोडताना आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेल दक्षिणेला तोंड करून सुमारे १८ अंश कलते ठेवावे, कारण बीदरचा अक्षांशही तेवढाच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बीदरपासून निघून मुंबई राज्यात गेले. राज्य बदलले, कल तोच राहिला. लिंबाच्या एका फांदीची सावली एका घटावर पडली तरी सगळ्या साखळीचा प्रवाह अडखळतो, आणि राशीच्या दिवसांत भुसा व तांबडी धूळ बसते. ती सकाळच्या थंड वेळी ओल्या फडक्याने पुसावी. तापल्या काचेवर गार पाणी मारू नये.

अलीकडे लोह-फॉस्फेटाच्या लिथियम बॅटऱ्या आल्या आहेत. चार घटांची, १२.८ व्होल्टची ही बॅटरी हलकी असते, खोल उपसा सोसते आणि शिशाच्या बॅटरीहून पुष्कळ अधिक वर्षे चालते. मात्र तिला जादा भरणे अजिबात खपत नाही, घटामागे ३.६५ व्होल्ट ही तिची सीमा. तिच्या पोटात स्वतःचे रक्षण करणारा फलक असतो, तरी कंट्रोलरवर लिथियमची निवड करूनच ती जोडावी. शिशासाठी बसविलेला जुना कंट्रोलर तसाच ठेवून लिथियम बॅटरी जोडण्याचा मोह आवरला पाहिजे.

हे सारे गावात कोणी करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. कर्नाटकात हरीश हंदे यांनी १९९५ साली सुरू केलेल्या सेल्को या संस्थेने दिवे विकण्याबरोबर दारापर्यंत दुरुस्ती आणि बँकेचे कर्ज यांची सांगड घातली. त्या कार्याबद्दल हंदे यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आय.आय.टी.ने २०१४ पासून शाळकरी मुलांसाठी दहा लक्ष सौर दिव्यांची जी योजना राबविली, तीत दिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण त्या त्या गावच्या लोकांनाच दिले. मल्टिमीटर हे काही शंभर रुपयांचे यंत्र वापरता येणारी एक व्यक्ती गावात असली, मग ती महिला बचत गटातील असो वा सायकल-दुरुस्तीच्या दुकानातील, तर बहुतेक बॅटऱ्यांचे अकाली मरण टळेल. सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी एकदा आणि दुपारी दोनला एकदा बॅटरीचा दाब मोजून वहीत टिपला, तर पंधरा दिवसांत दुखणे कोठे आहे ते वही सांगते. सकाळचा आकडा रोज १२.२ च्या खाली असेल तर खर्च जास्त अथवा पॅनेल अपुरे. दुपारचा आकडा १५ च्या वर जात असेल तर कंट्रोलर निकामी. आणि दुपारी १४ असूनही संध्याकाळी दिवा लावताच ११ वर आपटत असेल तर बॅटरीच संपली.

संपलेली बॅटरी फोडून शिसे काढण्याचा उद्योग घराच्या अंगणात कोणी करू नये. त्या शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला जन्माची इजा करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि शिशाला मोल असल्यामुळे दुकानदारही नवी देताना जुनीची किंमत वजा करून देतो. ती आम्लासकट, उभी आणि झाकणे लावून दुकानात न्यावी.